पडलेली आणि उभी राहिलेली घरे

भूगोलाच्या संदर्भपुस्तकांत मोठ्या भूकंपांचा एक तक्ता हमखास असतो. तारीख, ठिकाण, रिश्टर मापावरचा आकडा आणि मृतांची संख्या, असे चार रकाने. आपण तो मुलांकडून पाठ करून घेतो, नाहीतर 'वाचून घ्या' असे सांगून पुढच्या धड्याकडे वळतो. आज त्यातल्या दोनच ओळी शेजारी शेजारी मांडून पाहू.

पहिली ओळ : १५ ऑगस्ट १९५०, आसाम, महत्ता ८.६, भारताच्या हद्दीतले मृत्यू सुमारे १,५००. दुसरी ओळ : ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी, महत्ता ६.२, मृत्यू सरकारी मोजणीप्रमाणे आठ हजारांच्या जवळपास, इतर अंदाजांप्रमाणे दहा हजारांपर्यंत.

महत्तेचा आकडा एकाने वाढला की भूकंपात मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. इथे फरक २.४ चा आहे. गणित करून पाहिले तर आसामच्या भूकंपातली ऊर्जा किल्लारीच्या सुमारे चार हजार पट निघते. आणि माणसे गेली ती पाचव्या भागाइतकीही नाहीत. त्यातलीही पाचशेच्या आसपास माणसे भूकंपाने नव्हे तर पुराने गेली. दरडींनी सुबनसिरी नदी अडली होती, तो बांध आठ दिवसांनी फुटला. तिबेटच्या बाजूचे मृत्यू मिळवले तरी एकूण आकडा पाच हजारांच्या आतच राहतो.

मुलांना हा प्रश्न घातला तर पहिले उत्तर येते : तिकडे वस्ती विरळ होती. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. किल्लारीचा भूकंप अगदी उथळ होता आणि गावांच्या पायाखालीच झाला, हेही खरे. तरीसुद्धा तक्त्यात एक पाचवा रकाना हवा होता असे मला वाटते : त्या ठिकाणची घरे कशी होती? हा रकाना भरण्यासाठी आपल्याच उपखंडातल्या जुन्या भूकंपांकडे जावे लागते. त्यांच्या नीट नोंदी मिळू लागतात त्या १८१९ पासून.

१६ जून १८१९ च्या संध्याकाळी कच्छ हादरला. भूज आणि अंजार ही गावे ढासळली. एकट्या भूजमध्ये हजाराहून अधिक माणसे मेली. पण हा भूकंप जगाच्या लक्षात राहिला तो दुसऱ्याच कारणाने. कच्छच्या रणात सिंद्री नावाचा एक किल्ला होता. त्याच्या भोवतालची जमीन खचली, समुद्राचे पाणी आत शिरले आणि किल्ला बुडाला. आतल्या लोकांनी बुरुजाचा आसरा घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांना होडीतून काढावे लागले. त्याच वेळी किल्ल्याच्या उत्तरेला ऐंशीएक किलोमीटर लांबीचा जमिनीचा एक पट्टा काही मीटर वर उचलला गेला आणि सिंधूचा एक फाटा अडला. नद्यांवर बांध माणसे घालतात, हा मात्र माणसाने घातलेला नाही. म्हणून लोकांनी त्याला नाव दिले 'अल्लाबंद'. भूकंपात जमीन नुसती हलत नाही, ती कायमची वर-खाली सरकते, याचा इतका स्पष्ट दाखला तोवर कोणी नोंदवला नव्हता. अलेक्झांडर बर्न्स या अधिकाऱ्याने काही वर्षांनी तिथे जाऊन पाहणी केली आणि चार्ल्स लायेलने आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथात ती हकीकत घेतली.

या भूकंपातली आणखी एक लहानशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे. कच्छपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत जामा मशिदीचे उंच मिनार त्याच संध्याकाळी कोसळले.

आता जाऊ १८९७ कडे. १२ जूनच्या संध्याकाळी, पाचच्या सुमारास, शिलाँगचे पठार हादरले. शिलाँगमधली दगडी इमारत म्हणून जी काही होती ती जमीनदोस्त झाली. गुवाहाटीपासून पूर्व बंगालपर्यंत पक्की बांधकामे पडली. जुन्या पुस्तकांत या भूकंपाची महत्ता ८.७ दिलेली आढळेल; अलीकडचे अभ्यासक ती ८.१ च्या जवळपास धरतात. मृत्यू सुमारे १,५००.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात त्या वेळी रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम हा अधिकारी होता. त्याचे वडील टॉमस ओल्डहॅम याच संस्थेचे पहिले प्रमुख. भारतातल्या भूकंपांची पहिली मोठी सूची त्यांनीच तयार केली होती. म्हणजे भूकंप या घराण्यात दुसऱ्या पिढीचे होते. ओल्डहॅमने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पठार पालथे घातले. त्यांना काही ठिकाणी जमिनीत रुतलेले मोठे धोंडे आपापल्या खळग्यातून बाहेर पडलेले दिसले, आणि खळग्यांच्या कडा मात्र शाबूत होत्या. धोंडा ढकलला गेला असता तर कड मोडली असती. अर्थात तो सरळ वर उडाला होता. जमिनीचे वर जाण्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाहून जास्त झाल्याशिवाय असे घडणार नाही. कसलेही उपकरण जवळ नसताना निव्वळ एका खळग्याच्या कडेवरून काढलेले हे अनुमान! विज्ञानाच्या तासाला सांगावे असे निरीक्षण याहून सुंदर मला तरी माहीत नाही.

त्याच भूकंपाच्या लहरी दूर इटलीतल्या उपकरणांनी टिपल्या होत्या. ते आलेख पुढे ठेवून ओल्डहॅमने दाखवले की एकाच धक्क्यातून तीन तऱ्हेच्या लहरी निघतात : आधी पोचणाऱ्या प्राथमिक, मागून येणाऱ्या दुय्यम आणि सर्वांत शेवटी भूपृष्ठावरून सरकत येणाऱ्या पृष्ठलहरी. पुढे १९०६ मध्ये याच वाटेने जाऊन त्याने पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे मांडले. आपण फळ्यावर पृथ्वीचे अंतरंग काढतो, त्यातल्या मधल्या वर्तुळाची सुरुवात अशी शिलाँगच्या पडझडीत आहे. १८९८ साली कोलकात्याजवळ अलिपूरला भूकंपमापक बसला आणि पाठोपाठ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही.

हे सगळे पुस्तकांत आले. पुस्तकांत फारसे न आलेले दुसरे एक फळ त्याच भूकंपाचे आहे. दगडी घरे गाडली गेलेली पाहिल्यावर आसाम-मेघालयात नवी घरे वेगळ्या तऱ्हेने बांधली जाऊ लागली. लाकडी चौकट, चौकटीत इकरा नावाच्या बोरूची कुडे, त्यावर मातीचा गिलावा आणि वर पत्र्याचे हलके छप्पर. 'आसाम पद्धतीचे घर' म्हणून ते पुढे ओळखले गेले. शासकीय बंगले, शाळा, टपाल कचेऱ्या, सामान्यांची घरे, सगळे याच धाटणीचे. चौकट सांध्यांत लवते, कूड फुटले तरी अंगावर पडून जीव जाण्याइतके जड नसते. आता १९५० ची ओळ पुन्हा वाचा. ८.६ चा भूकंप संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, म्हणजे माणसे घरात असतानाच झाला, तरी घरांनी घात केला नाही. त्रेपन्न वर्षांपूर्वीचा धडा घरांच्या रूपाने शिल्लक होता.

१९०५ च्या एप्रिलमध्ये कांगडा खोऱ्यात पहाटे सहाच्या सुमारास भूकंप झाला आणि सुमारे २०,००० माणसे मेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर पाट्यांची जड छपरे आणि झोपेतून नुकती उठणारी माणसे. एवढे सांगून पुढे जाते, कारण या तिन्हींची गाठ किल्लारीला पुन्हा पडणार आहे.

१९३४ चा बिहार-नेपाळचा भूकंप मात्र अंमळ थांबून पाहण्यासारखा आहे. १५ जानेवारी, दुपारचे सव्वादोन. थंडीचे दिवस, बरीच माणसे उन्हात, शेतात, बाहेर. बिहारमध्ये सात हजारांवर आणि नेपाळात आठ हजारांवर मृत्यू झाले. हाच धक्का पहाटे बसता तर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. डन, ऑडन, घोष आणि रॉय या भूवैज्ञानिकांनी या भूकंपाचा जो अभ्यास केला त्यात एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. उत्तर बिहारमध्ये सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या एका पट्ट्यात घरे कोसळण्याऐवजी कलली आणि जमिनीत रुतली. शेतांतून वाळूमिश्रित पाण्याची कारंजी उडाली, विहिरी वाळूने भरल्या, पिकावर वाळूचे थर साचले. घरांची नासाडी पुष्कळ झाली, पण या पट्ट्यात माणसे त्या मानाने कमी मेली. याउलट केंद्रापासून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर असलेले गंगाकाठचे मुंगेर शहर मात्र विटा-मातीचा ढीग झाले.

हे कसे घडले ते वर्गात करून दाखवता येते. बादलीत निम्म्यावर वाळू भरा. वाळूच्या पृष्ठभागाच्या जरा खाली राहील इतपत पाणी घाला. त्यावर एक वीट उभी ठेवा. ती खुशाल उभी राहील. आता बादलीच्या अंगावर बाहेरून मुठीने भराभर ठोके मारा. वाळूवर पाणी येईल, वीट कलेल आणि रुतेल. हादऱ्यांनी वाळूचे कण जवळ येऊ पाहतात, मधल्या पाण्याला निघायला वाट नसते, त्याचा दाब वाढतो आणि कण एकमेकांवर टेकायचे सोडून पाण्यात तरंगल्यासारखे होतात. जमीन काही क्षण द्रव होते. अशी जमीन हिसके वर जाऊ देत नाही, म्हणून वरची वीट फुटत नाही, बुडते. मुंगेर किंवा काठमांडू इथली गोष्ट निराळी. तिथला मऊ गाळ द्रव झाला नाही, पण त्याने हादरे मोठे केले. खरवसाची थाळी हलक्या हाताने हलवून पाहा. थाळी हलते त्याहून खरवस जास्त हलतो. काठमांडूचे खोरे हे एका जुन्या तळ्याचेच तळ आहे. तेव्हा पाचव्या रकान्याला एक जोड हवी : घर कसे होते, आणि ते कशावर उभे होते?

या भूकंपावरून महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्यात झालेला वाद प्रसिद्ध आहे. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यता पाप आहे याबद्दल रवींद्रनाथांचे दुमत नव्हते. पण भौतिक घटनेला असे नैतिक कारण चिकटवणे त्यांना अमान्य होते आणि त्यांनी तसे लिहिले. गांधीजींनी ते पत्र आपल्या उत्तरासह 'हरिजन'मध्ये १६ फेब्रुवारी १९३४ रोजी छापले. मला या वादात एक गोष्ट नेहमी जाणवते. आकाशाकडे बोट दाखवणाऱ्याला आणि त्याचा हात धरणाऱ्याला, दोघांनाही घराच्या भिंतीकडे पाहायची सवड नव्हती. ती सवड त्या सुमारास एका रेल्वे इंजिनियरला मिळाली होती.

ऑगस्ट १९३१ मध्ये बलुचिस्तानात माच भागात मोठा भूकंप झाला आणि रेल्वेच्या इमारतींचे नुकसान झाले. क्वेट्ट्याला रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी नवी घरे बांधायची होती. ती भूकंपात टिकतील अशी आखण्याचे काम एस. एल. कुमार या तरुण इंजिनियरकडे आले. त्याने दोन गोष्टी केल्या. घराचे वजन खाली जाते एवढाच हिशेब न करता भूकंपात घराच्या वजनाचा काही भाग आडव्या दिशेनेही लागेल असे धरून गणित केले. आणि त्या आडव्या जोराला तोंड देण्यासाठी विटांच्या भिंतींना लोखंडी सांगाडा दिला. लोखंड कुठले? रेल्वेकडे असते ते, जुने काढून टाकलेले रूळ! हे सर्व त्याने १९३३ मध्ये पंजाबच्या अभियांत्रिकी परिषदेत निबंधरूपाने मांडले आणि त्याला हिंदुस्थानचा एक नकाशाही जोडला : कोणत्या भागात भूकंपाचे भय किती. असा आपल्याकडचा तो पहिलाच नकाशा.

दोन वर्षांत परीक्षा झाली. ३१ मे १९३५, पहाटेचे तीन. क्वेट्टा शहर जवळजवळ पुसले गेले. मृतांचा आकडा तीस हजारांहून अधिक. काही अंदाज त्याच्या दुप्पट जातात. त्या ढिगाऱ्यांत रेल्वेची ती घरे उभी होती.

मग सरकार जागे झाले. क्वेट्ट्याच्या पुनर्बांधणीसाठी नियम झाले, विटांच्या भिंतीत मधे उभ्या सळया घेणारी रचना रूढ झाली, तिला 'क्वेट्टा बाँड' म्हणतात. आपल्या उपखंडात भूकंपाला धरून नियमाने बांधकाम करण्याची सुरुवात ही अशी झाली. पुढे स्वातंत्र्यानंतर रुडकीला भूकंप अभियांत्रिकीचे केंद्र निघाले आणि १९६२ साली भारतीय मानक आले. त्यात देशाचे भूकंपप्रवणतेनुसार विभाग पाडलेले होते. त्यात दख्खनचे पठार निर्धास्त मानले गेले. कातळ जुना, हिमालय दूर. इथे काय होणार?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, महत्ता ६.३, मृत्यू दोनशेच्या आत. शिवसागर जलाशयामुळे चाळवलेला हा भूकंप जगभर अभ्यासला गेला आहे आणि त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. इथे एवढेच पुरे की धरणातल्या उपकरणाने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ६३ टक्के इतके त्वरण नोंदवले, आणि नकाशा बदलावा लागला. १९७० च्या सुधारित नकाशात पाच विभाग झाले, कोयनेचा परिसर वरच्या विभागात गेला. किल्लारी राहिली पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी भयाच्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटे मी सोलापूरला होते, दहावीत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, रात्री उशिरापर्यंत मिरवणुका चालल्या होत्या. पहाटे चारला जरा कमी असताना मांडणीवरची पितळी भांडी वाजली आणि आजी म्हणाली, "मांजर शिरलं वाटतं." सकाळपर्यंत आम्हाला काही कळले नाही. तिच्या माहेरचे गाव औसा तालुक्यात; त्या दिवसानंतर ते नावच घरात पुष्कळ दिवस कोणी घेतले नाही. पुढे मी भूभौतिकीकडे वळले त्याचे कारण विचारतात तेव्हा मी काहीतरी दुसरे सांगते.

त्या गावांतली घरे कशी होती ते मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते. भिंत दोन-अडीच फूट रुंद, काही ठिकाणी चार फूटही. पण ती एक भिंत नसते. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या पोकळीत माती, दगडगोटे, चिपा. दोन्ही अंगांना एकत्र धरणारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला. वर माळवद : लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर मातीचा फूट-दोन फूट थर. उन्हाळ्यात त्याखाली गारवा राहतो. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून त्यावर पांढरी माती पुन्हा पसरायची, दरवर्षी. म्हणजे जितके घर जुने तितके छप्पर जड. जमीन आडवी हलली की भिंतीची दोन अंगे एकमेकांपासून सुटतात, फुगतात, मधला भराव खाली बसताना त्यांना आणखी बाहेर रेटतो आणि भिंत आतबाहेर ओघळते. तिच्यावर टेकलेले माळवद मग सरळ खाली येते. पहाटे चारला त्याखाली कोण होते हे वेगळे सांगायला नको.

जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत असे सगळ्यांनाच वाटत होते. चोरापासून आणि उन्हापासून ती राखत होतीही. आणि ज्या गरिबांना दगडी घर परवडत नव्हते, जी कुडाच्या नि पाचटाच्या झोपडीत राहत होती, त्यांतली पुष्कळ माणसे वाचली. खणाच्या जुन्या घरांत, जिथे माळवद भिंतीवर नव्हे तर लाकडी खांबांवर पेललेले होते, तिथे भिंती पडूनही काही ठिकाणी छप्पर खांबांवर तसेच उभे राहिले. म्हणजे उत्तर गावातच होते, चार खांबांच्या रूपाने. ते कोणी उत्तर म्हणून वाचले नव्हते, कारण प्रश्नच पडला नव्हता. नाही म्हणायला आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, किल्लारीला लहान धक्क्यांची मालिका झाली होती. लोक घाबरले, मग धक्के थांबले, लोक घरात परतले.

एक गोष्ट लिहिताना आजही अवघड वाटते. दगड-मातीच्या कमकुवत बांधकामांना भूकंपात कसे सावरावे यावरची भारतीय मानके निघाली ती १९९३ सालीच. दोन अंगांना बांधणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घाला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली चारही भिंतींना कवळणारा अखंड पट्टा घाला, छप्पर हलके करा. असली साधी, गवंड्याला समजणारी कलमे.

भूकंपानंतर भूवैज्ञानिकांनी किल्लारीला विंधनविवरे घेतली. सुमारे ३४० मीटर बेसाल्ट, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग ग्रॅनाइट. निर्धास्त मानलेल्या त्या जुन्या कातळात जुने भ्रंश निघाले. २००२ च्या सुधारित नकाशातून पहिला विभागच काढून टाकण्यात आला. देशात निर्धास्त असा भाग कागदावर उरला नाही.

त्याच्या आधीच्या वर्षी, २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊला, कच्छ पुन्हा हादरला होता. तेच भूज, तेच अंजार. इथे मात्र नकाशा चुकला नव्हता. कच्छ पहिल्यापासून सर्वांत वरच्या विभागात होता. तरी सरकारी मोजणीप्रमाणे १३,८०० हून अधिक माणसे मेली. कच्छच्या बन्नी भागातली 'भुंगा' नावाची गोल, हलक्या गवती छपराची घरे बरीचशी टिकली, आणि अडीचशे किलोमीटर दूर अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. वरचे मजले भिंतींनी भरलेले, ताठ. तळमजल्यावर वाहने ठेवायला मोकळी जागा, नुसते खांब. सगळी लवचिकता त्या खांबांच्या वाट्याला येते आणि तेच आधी मोडतात. साबरमतीचा गाळ दुरून आलेल्या लांब लहरी मोठ्या करतो आणि उंच, सडपातळ वास्तूंना त्या बाधतात, हे जामा मशिदीच्या मिनारांनी १८१९ मध्येच दाखवले होते. मिनारांची ती साक्ष वास्तुकारांपर्यंत पोचायला १८२ वर्षे कमी पडली.

अंजारला त्या सकाळी प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी निघाली होती. एका अरुंद गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंची घरे फेरीवर आली. १८५ मुले आणि २० शिक्षक गेले. आता तिथे त्यांचे स्मारक आहे. या गावात १८१९ नंतर १९५६ सालीही भूकंप होऊन शंभरावर माणसे मेली होती. गल्ली अरुंदच राहिली होती.

आणि आसाम? गुवाहाटी-शिलाँगमध्ये आज आसाम पद्धतीची घरे पाडून त्या जागी काँक्रीटचे मजले उठत आहेत, त्यांतही पुष्कळ तळमजले गाड्यांसाठी मोकळे. १९५० चा भूकंप आठवणारी पिढी आता मावळत चालली आहे. १८९७ ने घडवलेले ते घर 'जुनाट' ठरले आहे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त लातूर-धाराशिव भागातल्या एका पुनर्वसित गावात गेले होते. सरकारने बांधून दिलेली घरे आपल्या जागी ठीक होती, पण तीस वर्षांत प्रत्येकाने त्याला काही ना काही जोडले होते. कुणी मागे खोली, कुणी पुढे ओटा आणि वर पत्रा, कुणी जुन्या गावातले दगड आणून घातलेली भिंत. तिथल्या शाळेतल्या गुरुजींनी सातवीच्या मुलांना एक काम दिले होते. वहीत पाच रकाने आखायचे आणि आपापल्या आळीतली घरे पाहून यायची : जोत्याला पट्टा आहे का, दारावर पट्टा आहे का, छपराखाली आहे का, नवी खोली जुन्या घराला नीट बांधली आहे की नुसती टेकवली आहे, आणि छप्पर कशाचे आहे. मुलांना पट्टा गिलाव्याखाली दिसत नाही, म्हणून ती घरातल्या मोठ्यांना विचारत होती, मोठे गवंड्याला विचारत होते, आणि गवंडी थोडा वैतागला होता.

मी गेले त्या दिवशी ती यादी फळ्यावर मांडली जात होती. एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, आपल्या शाळेची पोषण आहाराची खोली राहिली की." सगळे बाहेर पडले. खोली वर्गाच्या भिंतीला लागून नवीनच बांधलेली होती. मुलीने दारावर हात उंचावून पाहिले, मग चौकटीला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत गेली. वर्गाची भिंत आणि त्या खोलीची भिंत जिथे मिळत होत्या तिथे एक फट होती, बोट शिरेल एवढी. तिने त्यात आपली पट्टी घातली. ती पंधरा सेंटिमीटर आत गेली. गुरुजींनी तिला तो आकडा वहीत लिहायला सांगितला आणि शाळा समितीकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा त्याच तासाला फळ्यावर सुरू केला.